सतराव्या दाबानंतर

प्रथमोपचाराच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा खोका सोमवारी सकाळी साडेनऊला दारात आला. आत काय आहे ते नंतर. आधी मी खोकाच बघितला. पाच पदरी, जोड गोंदाचा, एक कोपरा चेपलेला. एकोणीस वर्षं मी खोक्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. माझं काम खोके चिरडण्याचं. दोन पोलादी पाटांमध्ये रिकामा खोका ठेवायचा, वरचा पाट हळूहळू खाली आणायचा आणि खोका ‘बसला’, म्हणजे दबून खचला, की थांबायचं. बसताना एक आवाज येतो, बारीक आणि कोरडा. तो आला की हात बटणावरून उचलायचा, पडद्यावरचा आकडा लिहायचा. आवाजानंतर क्षणभर जरी दाब चालू राहिला तरी साहेब विचारतात, डोळा लागला होता का?

“उघडणार आहेस, की नुसतं कौतुक करत बसणार?” ताई म्हणाली.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. पुढचं सगळं तिनं केलं. शिवणवर्गात शिकवायची, आता निवृत्त. गेल्या वर्षी तिला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुढचा कधीही येऊ शकतो, आणि तेव्हा पहिली दहा मिनिटं घरात जो असेल त्याच्या हातात असतील. घरात मी असतो. तिसरं कोणी नाही.

खोक्यातून कमरेपर्यंतचा रबरी पुतळा निघाला. हात नाहीत, तोंड अर्धवट उघडं, छातीतून निघालेली वायर लॅपटॉपला जोडायची.

“पाहुण्यांना हात नाहीत,” ताई म्हणाली. “बरं झालं. जेवायला बसवायचा प्रश्न मिटला.”

त्या दिवसापासून तो घरात ‘पाहुणा’ झाला.

शिकवणाऱ्या बाईंनी वीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढलेली. पडद्यावर त्यांचा चेहरा लहान दिसायचा, आवाज मात्र खोलीभर. “तीस दाब, मग तोंडाने दोन श्वास. मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. बरगडी मोडेल. आवाज येईल. थांबायचं नाही.”

त्या शेवटच्या वाक्यासाठीच मी नाव नोंदवलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी आमच्या कापणी विभागातला कामगार भोपू छाती धरून पडला. यंत्रांच्या गोंगाटातही त्याची हाक गोदामापर्यंत जायची, म्हणून भोपू. पडला तेव्हा आवाज आला नाही. सर्वांत जवळ मी होतो. भिंतीवरचं चित्र रोज बघून कृती पाठ होती. गुडघ्यावर बसलो, तळहात छातीवर ठेवले, मोजत दाबायला लागलो. सतराव्या दाबाला त्याची बरगडी मोडली. बारीक, कोरडा आवाज. माझे हात आपोआप वर आले.

पुन्हा खाली गेले नाहीत. भोपू गेला. भोवतीच्यांना वाटलं, संपलं म्हणून मी थांबलो. कोणी बोल लावला नाही. उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू तरी काहीतरी केलंस. खरी गोष्ट फक्त ताईला ठाऊक होती.

“माझ्या वेळी हात आखडता घेतलास तर याद राख,” ती म्हणाली. “मोडलं तर मोडू दे. एवीतेवी जुनंच कापड आहे.”

पुतळ्याच्या छातीत एक पट्टी असते. दाब पुरेसा खोल गेला की ती ‘कट्’ असा आवाज करते, म्हणजे शाबासकी. मला त्या आवाजाला न थांबण्याची सवय करायची होती. पहिल्या दिवशी दर दाबाला हात अडखळले. मंगळवारी सोळापर्यंत नीट गेलो आणि सतराव्याला हात उचलले गेले. पडद्यावर आकडा आला: तीस.

वायर सैल असेल म्हणून काढून परत बसवली. मोजून दहा दाब दिले, आकडा दहा. मोजपट्टी धरून खोली तपासली, बरोबर. पुन्हा सुरुवात केली, सतराला थांबलो. तीस.

बुधवारी अकरा वाजता बाईंसमोर सराव होता. मी पुन्हा सतराला थांबलो. “उत्तम,” बाई म्हणाल्या. “तीस पूर्ण. हात कुठेही अडखळले नाहीत.”

“बाई, मी सतराला थांबलो.”

“नाही हो. मी बघत होते ना.”

मी सरावाचं चित्रीकरण मागितलं. दोघांनी मिळून बघितलं. सतराव्या दाबाला माझे हात पुतळ्यापासून चारेक बोटं वर उचलले जातात आणि तिथेच राहतात. खाली छाती दबत राहते. खाली, वर. खाली, वर. तेरा वेळा.

“नेट अडकलं की चित्र असं दिसतं,” बाई म्हणाल्या.

माझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. सेकंदकाटा एकदाही अडकला नव्हता. तो बाईंनाही दिसला असावा. पुढचा तास त्यांनी कॅमेरा बंद ठेवून घेतला.

गुरुवारी मी मुद्दाम सतराला थांबलो, हात मांडीवर ठेवले आणि बघत बसलो. पुतळ्याची छाती दबली. मधोमध तळहाताएवढा खळगा पडला, भरला, पुन्हा पडला. पडद्यावर खोली येत होती: साडेपाच, सहा, पावणेसात. आठ. पुतळा फरशीवर उसळायला लागला. डोकं आपटत होतं. डाव्या खांद्याचं रबर चिरलं आणि आतली पट्टी फाटीतून बाहेर आली. तिसाव्याला सगळं थांबलं. माझं बनियन घामाने भिजलं होतं आणि मी काहीच केलं नव्हतं.

ताई दारात उभी होती. “जरा हळू मार रे त्याला.”

“मी मारत नाहीये.”

ती माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “परीक्षा पुढे ढकल.”

“का?”

“सांगता येत नाही. ढकल.”

मी ढकलली नाही. पुतळ्याचा खांदा चिकटपट्टीने बांधला. यंत्रात बिघाड असेल तर असो. माझे हात शिकायला हवे होते, आणि किती दिवस हाताशी आहेत ते मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी साडेअकराला परीक्षा सुरू झाली. परीक्षक एक गृहस्थ होते, चष्मा नाकावर, समोर कागद. कॅमेरा फरशीकडे वळवायला त्यांनी सांगितलं. ताई खुर्ची घेऊन दारात बसली होती.

“नापास झालास तर घरी येऊ नकोस,” ती म्हणाली.

“घरीच आहे मी.”

“तेच तर.”

पहिली फेरी झाली. तीसच्या तीस मी दिले, सगळे माझे. दोन श्वास दिले. मान वर केली. ताईला हे बघायला मिळावं असं मला वाटत होतं.

ताई खुर्चीवरून घसरत होती. एक हात दाराच्या चौकटीवर, नखं लाकडात. मग तोही सुटला. डोकं उंबऱ्यावर आपटलं.

मी तिला खोलीत ओढून घेतलं. हाक मारली. खांदे हलवले. नाकाशी गाल नेला. श्वास नव्हता.

“रुग्णवाहिका बोलावतो,” परीक्षक लॅपटॉपमधून म्हणाले. “तुमचा पत्ता आहे माझ्याकडे. सुरू करा.”

मी सुरू केलं. ताईच्या छातीत काहीच दम नव्हता; पुतळ्याहून मऊ होती ती. मी मोठ्याने मोजत होतो. चौदा. पंधरा. सोळा.

सतराव्याला बरगडी मोडली.

माझे हात वर आले. यात मी काही लपवत नाही. तो आवाज आला आणि हात वर आले, आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

ताईची छाती खाली गेली.

वर आली. पुन्हा खाली गेली. ब्लाउजच्या कापडावर खळगा पडला, तळहाताएवढा. दुसरी बरगडी मोडली. लगेच तिसरी. तिच्या टाचा फरशीवर आपटायला लागल्या, दर दाबाला एकदा.

“छान,” परीक्षक म्हणाले. “थांबू नका. असंच.”

तिसाव्याला छाती थांबली. कोणीतरी वाट बघत असल्यासारखी.

मी दोन श्वास दिले.

पुन्हा सुरू झालं. या वेळी जास्त जोरात. मधलं हाड मोडलं तो आवाज बारीक नव्हता. तोंडाच्या कडेने लाल फेस आला. मी ओरडलो, “बस! मरेल ती!” आणि डावा हात मध्ये घातला.

माझा हात तिच्या छातीत दाबला गेला. मनगटात काहीतरी तुटलं. पंजाची दोन हाडं लागोपाठ गेली. वर काहीच नव्हतं. वजन होतं फक्त, सबंध माणसाचं, कोपरं ताठ ठेवून दिलेलं.

मी हात ओढून काढला.

तीस. थांबलं. वाट बघितली.

मी फेस पुसला आणि दोन श्वास दिले. मग मला माझं काम कळलं. तीस झाले की मी वाकायचो. बाकी वेळ भिंतीला टेकून हात पोटाशी धरायचो. ताईचं अंग फरशीवर उसळत होतं, डोकं डावी-उजवीकडे आपटत होतं. मी तिच्या डोक्याखाली उशी सरकवली. तेवढंच सुचलं.

अकरा मिनिटांनी रुग्णवाहिकेची माणसं जिना चढून आली. त्यांच्यातला पहिला गुडघ्यावर बसला, मानेवर बोटं ठेवली आणि वर बघितलं. “नाडी लागतेय.”

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. आठ बरगड्या, छातीचं हाड दोन ठिकाणी, एका फुप्फुसाला इजा. “पण मेंदूला एक क्षणही रक्त कमी पडलेलं नाही,” ते म्हणाले. “दुसरं कोण होतं?”

“कोणी नाही.”

“एकटा माणूस दोन मिनिटांत दमतो. नंतर दाब उथळ पडतात.” त्यांनी माझ्या हाताच्या प्लास्टरकडे बघितलं. “आणि हा हात?”

“आधीच मोडला होता,” मी म्हणालो. त्यांनी ते कागदावर लिहिलं नाही.

प्रमाणपत्र मंगळवारी ईमेलने आलं होतं. दोन्ही फेऱ्यांत पैकीच्या पैकी गुण.

ताई चोवीस दिवसांनी घरी आली. आवाज बसलेला, जीभ तशीच. “मेल्या, शिवण उसवतात तसं उसवलंस मला.” ती खाते, पेपर वाचते, शब्दकोड्यात माझ्या चुका काढते. तिची नाडी एकशे दहा आहे. बसली तरी एकशे दहा, जिना चढली तरी, दुपारी डोळा लागला तरी. चढउतार नाही. डॉक्टरांनी तीन औषधं बदलून बघितली.

ती पाठीवर झोपते तेव्हा मी तिच्यावर पातळ चादर घालत नाही. घातली की छातीवर मधोमध चादर खाली जाते आणि वर येते. फार नाही, अर्धा सेंटिमीटर. बरगड्यांना त्रास होत नाही. माझी मोजपट्टी तिने एकदाच बघितली आणि कूस बदलली.

परवा ती छताकडे बघत म्हणाली, “दमत नाही का रे?”

“कोण?”

“तू मोजतोस ना रोज? तूच सांग.”

काल सकाळी नाडी एकशे सहा होती. संध्याकाळी एकशे एक. आज जेवणानंतर मी घड्याळ धरून बसलो, ब्याण्णव. मध्ये दोनदा ठोका चुकला आणि मग घाईघाईने दोन आले. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत ताई माझ्याकडे बघत होती. मी आकडा सांगितला नाही.

“जवळ ये, आता तुझी पाळी,” ती म्हणाली, आणि ब्लाउजची वरची दोन बटणं काढून ठेवली.