काचेवरचा पट्टा

मी दुपारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत भांडायलाच गेलो होतो. बायको गेल्यावर पोरीने तिचा मेंदू तपासणीला देऊन टाकला. मला विचारलं, मी मान हलवली. त्या दिवशी कशालाही हलवली असती.

बायकोला विसरण्याचा आजार. मी बाहेरून आलो की आतून खिडकीच्या धुळकट काचेवर अंगठा फिरवायची, पुसलेल्या पट्ट्याला डोळा लावून विचारायची, "कोण?" मी वैतागून म्हणायचो, "चोर!" मग दार उघडायची नाही. शेवटी तिने मला ओळखलं होतं की नाही, एवढंच मला हवं होतं.

खोलीत स्पिरिटचा वास. डॉक्टरीणबाई एका घरघरणाऱ्या थंड पेटीपाशी बसलेली.

"त्यात मी कुठे दिसतो का, बघून सांगा."

"आजोबा, माणूस नाही दिसत. पेशी दिसतात."

"मग कापता कशाला?"

हसली बिचारी. "सावकाश गोठवलं तर बर्फाचे खडे होऊन मेंदूला भोकं पडतात. म्हणून एका झटक्यात गोठवतो. मग या पेटीत पातळ पापुद्रा काढायचा, आणि साधी काचपट्टी जवळ न्यायची. पापुद्रा स्वतःच उडी मारून चिकटतो." तिचा आवाज उतरला. "आजींचा मात्र... मागे सरतो."

पेटीच्या काचेच्या झाकणाला आतून दंव धरलं होतं. आम्ही बघत असताना त्यात अंगठ्याएवढा पट्टा पुसला गेला. आतून.

"तुम्ही...?" बाई कुजबुजली.

"माझे हात खिशात आहेत."

मी डावीकडे सरकलो. पहिला पट्टा पांढरा झाला. दुसरा उमटला... डावीकडे, माझ्या तोंडासमोर.

मी झाकणापाशी वाकलो. म्हणालो, "मी आहे गं. चोर नाही."

बाईने काचपट्टी आत नेली. पापुद्रा टपकन चिकटला.

ओळखलं होतं तर! रडू यायला हवं होतं. अंगावर काटा आला, आणि मी तिथून निघालो.

घरी कुलूप काढून दार ढकललं. हलेना. आतून कडी. मी एकटा राहतो. भर उन्हात खिडकीची काच आतून दंवाने पांढरी झालेली, मधोमध पुसलेला पट्टा.

"मी आहे गं..."

कडी सरकली.

दार सताड उघडं आहे. मी पायरीवर बसून हे लिहितोय. आतून गार वारा येतोय. आता "कोण?" विचारायची पाळी माझी आहे, आणि माझं तोंड उघडत नाही.