सुकाणूची नळी

"ही नळी घेऊ नका," काउंटरमागचा तरुण म्हणाला, आणि समोरच्या मुलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. गेले आठ महिने घरात ती हेच ऐकत होती. परसातल्या शेडमध्ये ती स्वतःच्या हातांनी कयाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, बांधत होती आणि सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. बाबांनी तर बजावलंच होतं — रविवारी पाण्यात उतरव. थेंबभर पाणी आत आलं तर बोटीची फळकुटं करीन आणि हा उद्योग बंद.

"का नको? चांगली गुळगुळीत आहे. सुकाणूची तार आतून सरसर सरकेल."

"सरकेल की. पण ही पॉलिथिनची, हिला इपॉक्सी गोंद धरत नाही. नळी बोटीतून जिथे बाहेर निघते, तिथून पाणी शिरेल. नायलॉनची घ्या."

"तुम्ही बांधलीय कधी बोट?"

"नाही..."

"मग हीच द्या!"

शनिवारी सकाळी तिने वाळलेला जोड जरा ओढून पाहिला, तर अख्खी नळी सुटून हातात आली. रडूच कोसळायचं, पण ती तडक दुकानात गेली.

"हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मग नायलॉनची द्या."

"हसत नाहीये. वाट बघत होतो."

"मी चुकायची?"

"तुम्ही यायची..."

तिचे कान तापले. मेल्याचे डोळे मात्र हसत होते!

"मग नुसते बघता काय? चला, दोन हात कमी पडतायत मला."

दुपारी दुकान बंद करून तो खरंच आला. त्याने पॉलिश पेपरने नळी खरखरीत केली, तिने इपॉक्सी कालवलं. नळी तिरकी बसत होती आणि त्या कोपऱ्यात ती आवळून धरायला शिकंजा मावेना. शेवटी दोघांनी बोटांनीच ती दाबून धरली — त्याच्या बोटांवर तिची बोटं. इपॉक्सी हळूहळू कोमट होऊ लागलं. तिला ते फार आवडत होतं.

तेवढ्यात दारात बाबा. "हा कोण? हात सोड आधी त्याचा!"

"नाही सोडणार. आत्ता सोडला तर उद्या पाणी शिरेल," ती म्हणाली. मग मान वर करून, "आणि उद्याही सोडणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

बाबा तरातरा निघून गेले.

रविवारी तिने तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. काठाला लागताच बाबांनी बोटीच्या मागच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं, आणि कोरडा हात बाहेर काढून बघत राहिले.

"एकाच माणसाची केलीयस," ते शेवटी पुटपुटले.

"पुढची दोघांची. अजून वर्षभर शेड लागेल मला, बाबा."

बाबा वळले आणि चालू लागले. गुडघाभर पाण्यात बोट धरून उभा असलेला दुकानातला तो मात्र हसला. "मला विचारलंस का?"

"नाही." तिने वल्हं आडवं ठेवलं. नजर त्याच्यावरून हलली नाही. "आता विचारते. येशील... माझ्याबरोबर? कायमचा?"

तो इतक्या मोठ्याने "हो" म्हणाला, की काठावरून निघालेल्या बाबांना मागे वळून बघावंच लागलं.