शुक्रवारची हवा

त्या शुक्रवारी ॲनिशाने मला फक्त साबणाचं पाणी करायला नेलं होतं. नंतर कोणी म्हणू नका की जीनाने स्वतःहून उपद्व्याप केला. उपद्व्याप मी करते, मान्य. चर्चमधल्या कॅटेकिझमच्या टीचरच्या पर्समध्ये रबरी पाल मीच टाकली होती, आणि दहावीला दोन विषय उडाले तेसुद्धा माझेच. पण हे माझं काम नाही. आता लाइट गेलीच आहे तर ऐका. मोबाइलची बॅटरी छताकडे करा, माझ्या तोंडावर नको.

ॲनिशा माझी मावसबहीण, निर्मळला राहते. कारखान्यात वीज कुठे फुकट जाते ते शोधायचं आणि मालकाला सांगायचं, हे तिचं काम. एनर्जी ऑडिट. तिचा हेल्पर धवल तापाने पडला म्हणून तिने मला आमच्या गासच्या घरून स्कूटरवर उचललं. कुठला कारखाना ते सांगेना. वसई ईस्टला गेटसमोर उतरले तेव्हा कळलं. पितळेचे नळ बनवतात, तोच. माझा डॅडी, लेस्ली, तिथे बावीस वर्षं पॉलिशच्या मशीनवर होता. जानेवारीत तिथेच गेला. साडेपाचची सुट्टी व्हायला पंधरा मिनिटं होती. मशीनजवळच्या स्टुलावर बसला, तो उठलाच नाही.

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस," ॲनिशा म्हणाली.

"आले असते. जरा बरे कपडे घालून आले असते."

शुक्रवार म्हणजे तिकडच्या कारखान्यांची सुट्टी. मालकाची तक्रार हीच, की शुक्रवारी सगळं बंद असतं तरी मीटर पळतो. ॲनिशाने आठवडाभर वीज मोजणारी एक डबी लावून बघितलं, तर कॉम्प्रेसर चालत होता. ते हवा भरायचं मोठं मशीन. हवा टाकीत जाते, टाकीतून पाइपांनी कारखानाभर. कोणी हवा वापरत नसेल तर टाकी भरल्यावर त्याने गप्प बसायला पाहिजे. बसला नाही, तर हवा कुठेतरी गळते. हवा गळली म्हणजे वीजच गळली.

"काका, सुट्टीला हा चालू कोण करतं?" तिने वॉचमनला विचारलं. हरिभाऊ नाव त्यांचं, अर्नाळ्याचे.

"मीच करतो."

"का?"

"चालू असलेला बरा असतो, बाय." मग माझ्याकडे बघितलं. "तू लेस्लीची ना? नाक तसंच हाय."

"नाक मम्मीचं आहे. डॅडीचा फक्त आगाऊपणा."

ते हसले नाहीत.

मी साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवायचा आणि पाइपच्या प्रत्येक जोडाला लावायचा. फुगे आले की तिथे लाल चिठ्ठी. मग ॲनिशा पाना घेऊन ते आवळणार. सोपं काम. पण रिकामा कारखाना तुम्ही ऐकलाय कधी? मशीन एकही चालू नाही आणि सगळीकडून स्स्स... स्स्स... जसं चर्चमध्ये मागच्या बाकांवर कुजबुज चालते ना, तसं. एकतीस चिठ्ठ्या लागल्या. एकेक जोड आवळला की एकेक कुजबुज बंद. शेवटचा आवळला तेव्हा इतकं शांत झालं, की पत्र्यावर कावळा चालला तरी पावलं मोजता आली असती. कॉम्प्रेसरही गप्प.

तेव्हा चार वाजले होते. ॲनिशा घड्याळ लावून रीडिंग घेत बसली. मला कंटाळा आला. खरं सांगू, रडायला येत होतं, आणि तसं झालं की मी मस्ती करते.

कारखान्याच्या टोकाला डॅडीचा पॉलिशचा कोपरा. जानेवारीपासून बंद, मशीनवर ताडपत्री. बाजूला हुकाला हवेची गन लटकलेली. पॉलिश करताना काळी पूड उडते, केसांत, कानांत, सगळीकडे. सुट्टी झाली की डॅडी त्या गनने अंगावर हवा मारायचा. धूळ घेऊन कधी घरी आला नाही. लहानपणी डबा द्यायला गेले की बघायचे. आधी डावी बाही, मग उजवी, मग कॉलर, मग डोक्यावर एक लांब फुर्रर्र. केस उभेच राहायचे त्याचे.

मी ताडपत्रीमागे लपले आणि गन दाबली. लांब कॉम्प्रेसर धडधडला. ॲनिशा घड्याळ घेऊन धावत आली, घाबरलेली. मी हसत बाहेर.

"अक्कल आहे का तुला? रीडिंग वाया गेलं माझं."

"भुतासाठी वेगळी चिठ्ठी लाव ना."

"चल इकडे. आता माझ्या बाजूलाच उभी राहा."

राहिले. टाकीला टेकून, तिच्या डोळ्यासमोर. हरिभाऊ चहा घेऊन आले. साडेपाच झाले, रोजची सुट्टीची वेळ, आणि कॉम्प्रेसर सुरू झाला.

"जीना..."

"मी इथे आहे ना."

ॲनिशाने माझे दोन्ही हात बघितले. हरिभाऊंनी कप हळूच खाली ठेवले.

"तो हाय," ते म्हणाले. "बाकीच्या दिवशी सुट्टी झाली की सगळेच हवा मारतात, कोनाला कळतंय? शुक्रवारी एकटाच असतो, म्हणून ऐकू येतं. एकदा मी मशीन बंद ठेवलं, तर हुक वाजवत राहिला... अंधार पडेपर्यंत."

ॲनिशाने वही मिटली. मग म्हणाली, "काका, मी रिपोर्टमध्ये शुक्रवारी कॉम्प्रेसरला कुलूप लिहिणार आहे. त्यासाठीच बोलावलंय मला."

म्हणजे डॅडीला आजचाच दिवस. मी कोपऱ्याकडे निघाले. तिने हाक मारली, मी थांबले नाही.

कोपऱ्यात पॉलिशच्या मेणाचा वास होता. नऊ महिने बंद जागा, आणि वास ताजा, गरम. गन हुकालाच होती. तिला कोणी धरलं नव्हतं. खालची रबरी नळी मात्र थरथरत होती.

फुस्स... फुस्स... डावी बाही. फुस्स... उजवी. कॉलर. मग डोक्यावर, लांब.

थांबलं. मी म्हटलं, झालं. तेवढ्यात पुन्हा, डावी बाही...

मग मला कळलं. त्या दिवशी ॲम्ब्युलन्समधून घरी आणला, तेव्हा तो पहिल्यांदाच काळा आला होता. मम्मीने ओल्या फडक्याने पुसला, पण कानातली पूड निघाली नाही. आम्ही तसाच पुरला. आणि हा इथे, घरी यायचं म्हणून, अजून स्वतःला साफ करतोय.

"डॅडी," मी म्हटलं. "राहू दे. तसाच चल. मम्मी काही बोलणार नाही... मी बघते तिला. तू चल ना घरी."

लांब फुर्रर्र मध्येच तुटली. नळी सैल पडली. लांब कॉम्प्रेसरसुद्धा गप्प झाला. मी त्या लाइनचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. अर्धा तास आम्ही तिघं टाकीवरचा हवेचा काटा बघत उभे होतो. हलला नाही. ॲनिशाने वहीत गळती शून्य लिहिली.

घरी येताना फ्लायओव्हरच्या चढावर स्कूटर रडायला लागली.

"किती जड झालीस गं?" ॲनिशा म्हणाली.

मी मागे बसलेली, स्कूटर पळतेय, आणि माझ्या पाठीला वारा लागत नव्हता. वळून बघायची हिंमत झाली नाही. खरं सांगते, बघायचंही नव्हतं. बघितलं आणि नसला तर? डोळे मिटून मी आयुष्यात पहिल्यांदा आख्खी प्रार्थना न चुकता म्हटली.

गासला आमच्या दारात मी उतरले आणि सीट धरून थांबले. म्हाताऱ्या माणसाला उतरायला वेळ देतो ना, तशी. मम्मी ओट्यावर मिरच्या निवडत होती. तिने मान वर करून ॲनिशाला हात केला.

"काय बघतेस?" ॲनिशाने विचारलं.

"काही नाही. जा तू."

ती निर्मळच्या रस्त्याला लागली. मी उतरले होते, तरी मागचं चाक तसंच दबलेलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या मोबाइलवर चलान आलं. निर्मळच्या नाक्यावर, मला सोडल्यानंतर, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं, मागे बसलेल्याला हेल्मेट नाही. फोटोत ॲनिशा एकटी.

मी रोज विचार करते. डॅडीच असेल तर दारात येऊन उतरला का नाही? आणि डॅडी नसेल, तर मी कोणाला घरी चल म्हटलं?

ॲनिशाला विचारलं तर ती विषय बदलते. आता मला स्कूटरवरही घेत नाही. मी बसायला गेले की पुढे बघूनच म्हणते, जागा नाही.