भुताचं ताट ओट्यावर

मैनाने ओट्यावर पाट मांडला, पाटापुढे ताट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे एकदा चोरून पाहिलं. आत खुर्चीत तिचे सासरे, पुंजाराम गुरुजी, दाराकडे पाठ करून वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते, आणि त्यांनी पान मात्र केव्हापासून उलटलं नव्हतं! बाहेर तिचा नवरा भिमाजी मांडी घालून बसला होता. सकाळच्या गाडीने मुंबईहून आलेला, आपल्याच घराबाहेर, पाहुण्यासारखा... छे, पाहुण्याला तरी कोणी आत बोलावतं!

"दादा जेवले?" त्याने हळूच विचारलं.

"तुमचं रिकामं ताट आत गेल्याशिवाय ते कधी जेवलेत का?"

भिमाजी हसला. तो हसला की समोरच्या घरातली पोरं आत पळायची, कारण नाशिकरोडच्या त्या वसाहतीत त्याचं हसू सगळ्यांनी पडद्यावर पाहिलेलं होतं. लांबोडका चेहरा, खोल गेलेले डोळे, त्याच्यावरून हिंदी सिनेमावाल्यांनी त्याला जे हेरलं ते हेरलंच! कधी हवेलीचा पहारेकरी, कधी थडग्यातून उठणारं प्रेत, कधी कवट्या मांडून बसलेला मांत्रिक. मध्यंतराआधी मरायचं आणि मध्यंतरानंतर उठायचं, हाच त्याचा धंदा. आणि आता, शहाऐंशी साली, टीव्हीवरच्या भुतांच्या मालिकेत दर आठवड्याला तो मांत्रिक होऊन येऊ लागल्यापासून तर त्याला घरोघर ओळखत होते. घरोघर म्हणजे आपलं घर सोडून!

त्याला कारणही तसंच होतं. पुंजाराम गुरुजी लहानपणी शाळेच्या दाराबाहेर पोतं टाकून शिकले होते. आत बसायची परवानगी नव्हती. तो मुलगा पुढे मास्तर झाला, तरुणपणी जलशात गायला, धम्मदीक्षा घेतल्यावर घरातले देव्हारे त्याने स्वतःच्या हाताने रिकामे केले, आणि नोकरीतून सुटल्यावर गावोगाव फिरून एकच गोष्ट सांगत राहिला, की भूत नाही, भानामती नाही, भगताच्या नादी लागून बायका मारू नका. या बापाच्या पोटी हे भूत जन्माला आलं!

आठ वर्षांपूर्वी नांदगावकडच्या एका गावात गुरुजींचं भाषण रंगात आलं असताना मागून कोणी तरी ओरडलं, "भूत नाय म्हनता, आन् तुमचा पोरगाच भूत हाय की हो, गुरुजी!" सगळी सभा हसली. गुरुजी भाषण अर्धं टाकून खाली उतरले, आणि त्यानंतर ज्या गावी जात तिथे ते हसू त्यांच्या आधीच जाऊन बसलेलं असे. त्या रात्री त्यांनी मुलाला समोर उभं केलं.

"आम्ही जलशात भगत उभा केला तो लोकांनी हसावं म्हणून. तू उभा करतोस तो लोकांनी भ्यावं म्हणून. हे काम करशील तोवर या उंबऱ्याच्या आत यायचं नाही."

भिमाजी काम सोडायला निघाला होता. एकलहऱ्याच्या वीजघरात चिकटता आलं असतं. पण मागल्या दारी, न्हाणीघराजवळ, मैनाने त्याचे दोन्ही हात धरले आणि ती म्हणाली, "सोडू नका! तुम्हाला काम करताना पाहिलंय मी. मेल्याचं सोंग करता, पण तेव्हाच तुम्ही खरे जिवंत असता. मामांना मी सांभाळते... घर मी सांभाळते... तुम्ही जा!"

हे तिने कोणालाही सांगितलं नाही. पुढे भिमाजीने मुंबईत खोली घेतली, ये म्हणाला, तरी ती गेली नाही. सासूबाई कधीच गेलेल्या, आपणही गेलो तर म्हातारा भिंतींशी बोलेल आणि बापलेकांमधला उरलासुरला धागा तुटेल, हे तिला कळत होतं. तिने बालवाडीत पोरं शिकवली, सासऱ्यांचे धोतर-सदरे धुतले, त्यांची पिशवी उचलून त्यांच्या सभांना गेली, आणि महिन्यातून एकदा नवरा आला की त्याचं ताट ओट्यावर वाढलं. रात्री तो शेजारच्या सावळीरामकडे झोपायचा. लग्नाचं माणूस भिंतीपलीकडे! पाळणा का हलला नाही हे विचारणाऱ्या बायकांना तिने काय सांगावं?

त्या रविवारी भिमाजीचा शेवटचा घास हातात होता, तोच फाटकाशी दोन माणसं आली. विंचूरकडचा सहादू, कांद्याचा शेतकरी, एके काळचा गुरुजींचा विद्यार्थी, आणि त्याची आई नवसाबाई. सहादूने गुरुजींना भेटायचं म्हटलं, पण नवसाबाईची नजर ओट्यावर गेली आणि ती जागच्या जागी थिजली.

"अगं बाई... महाराज!"

आणि तिने रिकाम्या ताटाशेजारी सपशेल लोटांगण घातलं!

"अहो, उठा, उठा..." भिमाजी उष्टा हात वर धरून मागे सरकला.

"टीव्हीत पाह्यलंय मी तुमाला! माझ्या सुनेला, लताला, लागीर झालंय, महाराज. दातखीळ बसती, तोंडाला फेस येतो. परवा भगत येनार हाय, आसूड घेऊन. हा सहादू म्हनतो गुरुजींना न्यायचं. मी म्हनते कशाला? तुमीच चला!"

"तो मांत्रिक नाही, नवसाबाई. नट आहे." गुरुजी दारात येऊन उभे होते. आठ वर्षांत मुलासमोर बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य, आणि तेही दुसऱ्याशी!

"ऱ्हाऊ द्या गुरुजी. तुमचं भाषन नको, यांचा मंतर पायजे."

गुरुजींचा चेहरा पडला. मैनाने दोघांकडे पाहिलं. नवऱ्याने नुसता हात वर करून "भूत गेलं" म्हटलं असतं तर लताच्या पाठीवरचा आसूड टळला असता, पण या घराचं दार मग जन्मात उघडलं नसतं!

"येतो," भिमाजी म्हणाला. "उद्या, भर दुपारी. आणि गाव गोळा करा."

गुरुजी आत वळले. मग आतूनच त्यांचा आवाज आला, "मैना, माझी पिशवी भरून ठेव. मीही येणार."

दुसऱ्या दिवशी एसटीत गुरुजी पुढच्या बाकावर, भिमाजी मागच्या बाकावर पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन, आणि दोघांच्या मधल्या बाकावर मैना. तिने मागे वळून विचारलं, "काय करणार आहात तुम्ही?"

"पेटी उघडणार."

तिने आवाज खाली आणला. मेकअपची गुपितं बाहेर फोडायची नाहीत, अशी मालिकावाल्यांची अट होती. "कंपनीला कळलं तर?"

"कळू दे," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

गावच्या पारावर माणूस मावत नव्हता. एका कडेला लता मान खाली घालून बसलेली, उण्यापुऱ्या विशीची पोर, घाबरून अर्धी झालेली. बातमी ऐकून भगतही एक दिवस आधीच आला होता, आसूड खांद्यावर टाकून. भिमाजीने नवसाबाईच्या हातात आरसा दिला, "धरा, आजी," आणि सगळ्यांच्या देखत, लख्ख उन्हात, तो भूत व्हायला बसला!

"हे बघा, सडलेलं कातडं म्हणजे कापूस आणि डिंक. डोळ्यांखाली काजळ. हे रक्त... कोणी चाखणार का? साखरेचा पाक आहे." एका म्हाताऱ्याने बोट बुडवून चाखलं आणि गोड गोड म्हणून मान डोलावली. मग भिमाजीने सुळे चढवले, मान तिरपी केली आणि डोळे उघडले...

माणसं मागे सरकली. नवसाबाईने आरसाच तोंडासमोर धरला. मैनाचंही अंग शहारलं, जिने हे तोंड उशीशेजारी पाहिलं होतं तिचं! आणि त्या भयाण शांततेत भुताला सणसणीत शिंक आली. सुळे उडून धुळीत पडले, आणि भूत "अरे, कुठे गेले? कुठे गेले?" करत चारी पायांवर ते शोधू लागलं!

आधी तो पाक चाखलेला म्हातारा हसला, मग बायका, मग सगळा पार. लताने पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नाही हे कळायला मैनाला क्षणभर लागला. ती शिंक खोटी होती. तो घरात राहायचा तेव्हा मैनाने ती न्हाणीघराच्या आरशासमोर शंभरदा ऐकली होती.

"मला घाबरवायचा पगार मिळतो," भिमाजी कापूस ओढून काढत म्हणाला, "म्हणून मी घाबरवतो. लताबाईंना आजार आहे. पुढचं दादा सांगतील." आणि तो बाजूला झाला.

गुरुजी उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं की हे फेफरं आहे, याला गोळ्या आहेत, उद्या सहादूने बायकोला नाशिकला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. लोक हसून हसून मोकळे झालेले होते आणि मन लावून ऐकत होते. भगत केव्हा निघून गेला, कोणाला कळलंही नाही.

मग नवसाबाईने हाताला धरून गुरुजींना घरी नेलं. "आत या, गुरुजी. हितं, बाजेवर बसा." गुरुजी उंबऱ्याशी क्षणभर थबकले. या गावात आजवर त्यांना चहा मिळाला होता, तो अंगणात. ते आत गेले, बाजेवर बसले, पितळी पेल्यातून चहा आला.

"आन् लेक कुठंय तुमचा?"

भिमाजी बाहेर पायरीवर बसला होता.

"आत या की हो!"

"नको आजी, मी इथेच बरा. सवय आहे मला." तो अगदी सहज बोलला. त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मैनाला ते सहन होईना.

"ही कसली सवय? आमी आत बलावतोय आन् हे बाहेर! कोनी बसवलं हो तुमाला बाहेर?"

बिचारीने साध्या मनाने विचारलं होतं. पण गुरुजींनी पेला खाली ठेवला.

"मी," ते म्हणाले. "मी बसवलं, नवसाबाई! पोत्यावर बसून शाळेच्या दाराबाहेर ज्याने अक्षरं गिरवली, ज्याने शपथ घेतली की कोणाच्या लेकराला... कोणाच्या लेकराला उंबऱ्याबाहेर..." तो ताठ म्हातारा लहान मुलासारखा स्फुंदू लागला!

मैना पुढे धावली, पण त्यांनी तिला हातानेच थांबवलं. आपला पेला उचलून ते बाहेर गेले आणि गुडघे धरत मुलाशेजारी पायरीवर बसले.

"घे," ते म्हणाले. "गरम आहे."

भिमाजीने पेला घेतला आणि पायरीवर ठेवला. दोघांच्या मध्ये तो पेला निवत राहिला आणि नवसाबाईला कळेना की आपलं काय चुकलं.

संध्याकाळी तिघं वसाहतीत परतले. गुरुजी दार उघडून आत गेले, आणि भिमाजी नेहमीसारखा ओट्यावर थांबला. गुरुजी वळले.

"आत ये म्हणायचा अधिकार माझा नाही," ते म्हणाले. "मी नुसता दार अडवून बसलो. हे घर धरून ठेवलं ते हिने. तिला विचार."

मैना गोंधळली. "मामा, असं काय बोलता?"

"खरं तेच बोलतो. हा काम सोडायला निघाला होता, तू त्याला थांबवलंस. न्हाणीघराची भिंत पातळ आहे, पोरी. मी तेव्हाच ऐकलं होतं."

आठ वर्षं ज्या गोष्टीचं ओझं मैनाने एकटीने वाहिलं, ती गोष्ट या माणसाला पहिल्या रात्रीपासून ठाऊक होती! "मग... मग मला एका शब्दाने बोलला का नाहीत?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकाने पुसत राहिले.

"बोललो असतो, तर तूही निघून गेली असतीस."

मैनाच्या डोळ्यांतून आसवं घळघळा वाहू लागली, आणि कसं कोण जाणे, रडता रडताच तिला हसू फुटलं. ओट्यावर तिचा नवरा उभा होता, पडद्यावर शंभरदा मेलेला माणूस, आणि बायको काय म्हणते म्हणून त्याचा जीव टांगणीला लागलेला!

"आधी तोंड धुवा," ती पदराने डोळे टिपत म्हणाली. "कानामागे अजून डिंक आहे. आणि जेवायला आत बसा, माझ्याच्याने आता ताटं आतबाहेर होत नाहीत."