पिठाच्या डब्यावरचं पुस्तक

त्या सकाळी आईने आत्याला मूर्ख म्हटलं. आवाज न चढवता, वाटाणे सोलता सोलता, शेंगेत कीड निघाली एवढंच सांगावं तसं. निमित्त फोनचं. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. बाबा जाऊन वर्षं लोटली तरी तिने या घराची तपासणी सोडली नव्हती. वहिनी, अजून चालूच आहे का तुमचं ते, दर महिन्याला कादंबऱ्यांची पिशवी, असं तिने विचारलं होतं. या वयात डोळ्यांना जरा विश्रांती द्यावी. "वन्सं, डोळ्यांना विश्रांती पुढे भरपूर मिळणार आहे," असं म्हणून आईने फोन ठेवला आणि ती पुन्हा शेंगांकडे वळली.

"मूर्ख आहे बिचारी. जन्मभर शाळा चालवली, पण मजेखातर एक पुस्तक कधी उघडलं असेल तर शपथ."

समोर बसलेल्या थोरलीला हसू आलं, ते तिने दाबलं. ती या घरातली मोठी मुलगी. केस पांढरे होऊ लागले तरी नाव थोरलीच राहिलं होतं. आईबरोबर हे शेत, या गाई, या कोंबड्या सांभाळत ती इथेच राहिली, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट तिला चांगली साधली होती: मनातलं मनातच ठेवायचं. तिरस्कारसुद्धा. विशेषतः तिरस्कार.

या घरात वाचन व्हायचं ते हातातल्या कामाबरोबर. महिन्याच्या सुरुवातीला दुधाची गाडी गावातल्या वाचनालयातून पुस्तकांची पिशवी आणायची आणि महिना सरला की परत न्यायची. आई भांडी घासायची, पीठ मळायची, लोणी काढायची, आणि समोरच्या फळीवर टेकवून उभं केलेलं पुस्तक मोठ्याने वाचत जायची. तिचे हात ओले किंवा पिठाचे, म्हणून कोरड्या हातांचं एक मूल शेजारी स्टुलावर उभं राहून पानं उलटायचं. थोरलीची आणि तिच्या धाकट्या भावाची शाळा ती हीच. खरी शाळा दूर होती, आणि तिथे पहिल्याच वर्षी छडीच्या धाकाने थोरलीला फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली होती. आईने तिला हाताला धरून घरी आणलं, आणि विषय संपला.

आईची एक रीत होती. शेवटचं प्रकरण ती कधीच वाचून दाखवायची नाही. तिथवर आलं की पुस्तक मिटायची, पदराला हात पुसायची, पुस्तक पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवायची आणि म्हणायची, पुढचं ज्याला हवं त्याने वाचावं. मुलं तळमळायची, रुसायची, आणि शेवटी अक्षराला अक्षर लावत तो शेवट गाठायचीच. संध्याकाळी गोठ्यात धार काढताना, गाईच्या पोटाला कपाळ टेकवून, आई विचारायची: मग, शेवटी काय झालं? ही परीक्षा आहे हे दोघंही कोणी न सांगता धरून चालली होती. थोरली जसं असेल तसं सांगायची. धाकटा आळशी. तो चार ओळी चाळायचा, बाकीचं मनाने रचायचा, आणि आई "असं होय" म्हणाली की आपण जगातल्या कुठल्याही परीक्षकाला गुंडाळू शकतो अशी त्याची खात्री पटायची. तो पुढे बाहेरून परीक्षा देत देत प्राध्यापक झाला यात थोरलीला नवल वाटलं नव्हतं.

समारंभांत तो एक वाक्य नेहमी टाकायचा, आणि त्याला टाळ्या हमखास पडायच्या: माझ्या आईने मला काहीच शिकवलं नाही, म्हणून मला सगळं शिकावं लागलं! थोरलीने ते एकदा सभागृहात मागच्या रांगेत बसून ऐकलं होतं. शेजारची बाई डोळे टिपत होती. थोरलीने तिला आपला रुमाल दिला होता, आणि घरी आल्यावर आईला सांगितलं होतं की भाषण छान झालं.

धाकट्याचं हे एक वाक्य, तसं थोरलीचंही एक होतं. मात्र ते घरातल्या घरात गाजलेलं. ती मोठी होत होती तेव्हा आत्या गाडी घेऊन तिला न्यायला आली होती, आपल्या शाळेत, वसतिगृहात, माणसात आणायला. आईने स्वतःच्या हाताने तिची ट्रंक भरली होती. ट्रंक दाराशी, आत्या गाडीत, आणि थोरली उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "मी गेले तर आईला मदत कोण करणार?" तेवढंच. त्या दिवसापासून ती त्यागमूर्ती झाली. वहिनीने पोरीचा बळी दिला, हे आत्याने सगळ्या नात्यागोत्यात सांगितलं, आणि आईने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. कारण तिलाही ते खरंच वाटत आलं होतं. काही चांगलंचुंगलं झालं की आई त्यातला मोठा वाटा गुपचूप थोरलीच्या ताटात सरकवायची, आणि थोरलीला त्या वाट्याची चीड यायची. पण बोलली मात्र ती कधीच नाही.

तर त्या दिवशी वाटाणे झाले, भांडी झाली, आणि भांड्यांबरोबर त्या महिन्याचं पुस्तकही शेवटाजवळ आलं. म्हाताऱ्या वडिलांसाठी घरी राहिलेल्या एका बाईची ती गोष्ट होती. धाकट्या बहिणी लग्न करून जातात, ही आपली त्याच खिडकीत. आईचा आवाज हल्ली लवकर थकायचा, तरी तिने शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी आणून सोडलंच. थोरलीने खूण घालून ते मिटलं. पुस्तक डब्यावर गेलं.

संध्याकाळी गोठ्यात दोघी पाठीला पाठ लावून धारेला बसल्या. चरवीत धार वाजू लागली.

"वाचलंस? काय झालं शेवटी?"

"नाही गं अजून. कुठे वेळ मिळाला?"

आईने चरवी जरा पुढे सरकवली. मग म्हणाली, "सगळं नको सांगू. तिला पस्तावा झाला का, एवढंच सांग."

थोरलीचा हात थांबला. गाय उगाचच हलली. आई पुस्तकातल्या बाईबद्दल विचारत नव्हती, हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. उत्तर जिभेवर होतं, कित्येक वर्षं तिथेच होतं... आणि तरीही ती म्हणाली, "वाचून सांगते."

"बरं." आईने विषय स्वतःच पुसून टाकला. धाकट्याचं काही कळलं का, असं विचारलं. येतो म्हणालाय, थोरली म्हणाली. गेल्या खेपेलाही म्हणाला होता, हे तिने गिळलं. पण आईला ते ऐकू आलंच.

"येईल गं. त्या पुस्तकातला तो खलाशी नव्हता का, आईशी भांडून गेलेला? सगळे म्हणत होते बुडाला. आणि शेवटी आलाच की परत. अंगणात झाड लावलं, आईपाशी बसून जेवला."

थोरलीला तो खलाशी पक्का आठवत होता. तो बुडाला होता. शेवटच्या पानावर त्याची आई दिवा मालवते आणि समुद्राकडची खिडकी कायमची लावून घेते; ते पान वाचून लहानपणी ती दिवसभर कोंबड्यांच्या खुराड्यामागे रडली होती.

"असं कोणी सांगितलं तुला?"

"धाकट्याने. त्याची पाळी होती तेव्हा. का? तसंच होतं ना?"

"तू नव्हता वाचलास?"

"मी कशाला वाचू?" आईला प्रश्नच कळला नाही. "मला शेवट ठाऊक असता तर तुम्ही माझ्याच मागे लागला असता, सांग म्हणून. मग वाचायला कोण बसलं असतं? आणि महिना सरला की गाडी न्यायची सगळं. तुम्ही सांगायचात त्यावर माझं भागायचं."

एवढ्या पुस्तकांतलं एकही तिने संपवलं नव्हतं. पुस्तकांशिवाय जिचा महिना जात नसे त्या बाईने आयुष्यातला प्रत्येक शेवट मुलांच्या पानात वाढला होता, आणि स्वतः त्यांच्या तोंडून पडेल तेवढा वेचला होता. तिचा तो प्रश्न परीक्षा नव्हती. तिला फक्त ऐकायचं होतं.

"तसंच होतं," थोरली म्हणाली. "झाड लावलं त्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाजीच्या वाफ्यात बसलेली सापडली, नळाला पाठ टेकून, ओच्यात पालेभाजीची जुडी. नळ चालूच होता. थोरलीने आधी नळ बंद केला. का, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

मग माणसं आली. आत्या आली ती मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसूनच आल्यासारखी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वहिनीच्या आयुष्याचं प्रगतिपुस्तक वाचून दाखवू लागली: स्वभावाने चांगली, कामाला वाघीण, पण हट्टी. मुलं घरात डांबून ठेवली. मुलगा स्वतःच्या हिमतीवर वर आला. "आणि ही," थोरलीकडे हनुवटी करत, "हिचा मात्र बळी गेला." थोरली त्या वेळी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. बळी गेलेल्यांना बहुधा असंच चहा देत फिरावं लागतं, असं तिच्या मनात आलं.

धाकटा आला तो डोळे सुजवून, आणि त्या सुजेबद्दल थोरलीच्या मनात क्षणभर माया दाटली. पण चार माणसं समोर बसताच त्याचा आवाज सभागृहातला झाला. तो आठवणी सांगू लागला. पिठाचा डबा, पुस्तक, गोठ्यातली परीक्षा. "मी काहीही ठोकून द्यायचो, आणि आई म्हणायची, असं होय! बिचारीला कधी पत्ता लागला नाही." लोक ओलसर हसले. आत्या म्हणाली, शाळेत असतास तर कान पिळला असता कोणीतरी.

थोरलीने ट्रे खाली ठेवला.

"ती परीक्षा नव्हती."

"म्हणजे काय, ताई?"

"तिने एकही शेवट वाचला नव्हता. आपण वाचावं म्हणून. ठाऊक नसायचं, म्हणून विचारायची." तिचा आवाज चढला नव्हता, आईचाही कधी चढला नव्हता. "तुझा खलाशी परत आला होता ना? झाड लावलं, आईपाशी जेवला? त्याच्या भरवशावर ती तुझी वाट बघत होती. परवा संध्याकाळीसुद्धा."

धाकटा वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागला. आत्या म्हणाली, अगं पण असं चारचौघांत... आणि तिचं बोलणं तिथेच विरलं, कारण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. माणसं हळूहळू चपला शोधू लागली.

थोरली स्वयंपाकघरात गेली. कपांचा ढीग पडला होता. तिने बाह्या वर केल्या आणि कप घासायला घेतले. थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. धाकट्याने पिठाच्या डब्यावरचं पुस्तक उचललं, आईची खूण होती ते पान काढलं, फळीवर पुस्तक उभं केलं, आणि नीटनेटक्या कपड्यांतला तो जाडजूड प्राध्यापक स्टुलाशेजारी उभा राहून वाचू लागला. शेवटचं प्रकरण या घरात मोठ्याने वाचलं जात होतं ते पहिल्यांदाच. दोन पानं झाल्यावर तो अडला. थोरली थांबली नाही, त्याच्याकडे वळलीही नाही, फक्त म्हणाली, "वाच. काही गाळू नकोस." त्याने काही गाळलं नाही. एक ओळसुद्धा.

पुस्तक संपलं तेव्हा गाई हंबरायला लागल्या होत्या. थोरलीने हात पुसले, चरवी उचलली. धाकटा मागोमाग आला आणि आईच्या पाटावर अवघडून बसला. त्याच्या हाताला धार येईना. थोरलीने त्याची बोटं धरून नीट लावून दिली, लहानपणी लावायची तशी. तो रडत होता आणि गाय सोसत होती. दारात आत्या येऊन उभी राहिली, नाकाला रुमाल लावून.

थोरली आपल्या गाईपाशी बसली. कपाळ तिच्या उबदार पोटाला टेकवलं. पाठीमागे आई नव्हती, तरी ती बोलली, गोठ्याच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात.

"तू शेवट विचारला होतास, आई. तो असा आहे: ती खिडकीत बसून म्हणते, पुन्हा जन्म मिळाला तर पहिल्या गाडीने निघून जाईन. आणि मी? मला जायचंच नव्हतं. मदतीचं मी उगाच म्हणाले, आत्याला नाही म्हणायची भीती वाटली म्हणून. तुझ्यासाठी नव्हते राहिले मी; हे सगळं मला हवं होतं, पानं उलटायला, शेवट वाचायला, इथे बसून तुला सांगायला. तू पस्तावा झाला का विचारलंस. पुस्तकातलीला झाला, आई. मला नाही झाला."