दारात सापडलेलं बोट

साहेब, तुम्ही धडधडीत खोटं बोलता. कारखान्याच्या फाटकावर तुमचा फलक आहे: 'एकशे चाळीस दिवस, एकही अपघात नाही.' मग त्याच एकशे चाळीस दिवसांत पत्रे उतरवणाऱ्या लंबूची तीन बोटं चेचली कुणी?

तिसऱ्या बोटाला फडकं गुंडाळून तो मलमपट्टीच्या खोलीत आला, तेव्हा तिथल्या नर्सनं कपाळाला हात लावला.

"आता काय?"

"घरी दारात सापडलं."

"पुन्हा? घराला दारं तरी किती आहेत हो तुमच्या?"

"एकच. पण जरा तापट आहे."

हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं... ओठांनी ऐकलं नाही. नख काळंनिळं पडलेलं. ती बोट धुऊ लागली, तर हा तिच्या कपाळावरची बट बघत बसला. मेल्याला दुखत कसं नाही!

दार कसलं नि काय! लोखंडी पत्र्यांची थप्पी साखळीनं उतरवायची, तर नंतर साखळी निघावी म्हणून खाली लाकडी ठोकळे हवेत. ते नाहीतच. मग पहारीनं थप्पी जराशी उचलायची आणि खाली बोटं घालून साखळी ओढायची. साऱ्या आवाराला हे ठाऊक. पण खरं बोललं की फलकावरचे दिवस पुन्हा शून्यावर येतात, अख्ख्या पाळीला बोलणी बसतात. म्हणून सगळ्यांचीच बोटं घरच्या दारात सापडत.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "तुमच्या खिडकीकडे बघत होतो, म्हणून—"

"गप्प बसा! माझ्या खिडकीच्या माथी मारू नका. ठोकळे नव्हते म्हणून बोट गेलं."

तिनं नोंदवही ओढली. त्यानं डाव्या हातानं तिचं पेन अडवलं. "दारच लिहा ना... पोरं माझ्या नावानं शंख करतील."

"करू देत! आज बोट, उद्या पंजा. मला तुम्ही अख्खे हवे आहात, कळलं?"

पेनावरचा त्याचा हात सुटला.

"काय... म्हणालात?"

"ऐकलंत तेच." 'ठोकळे नव्हते' असं लिहून तिनं वही पुढे सरकवली. "सही करा."

कानापर्यंत लाल होत त्यानं डाव्या हातानं वेडीवाकडी सही ठोकली.

दोघं तडक तुमच्या केबिनमध्ये आली, साहेब. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "नंतर या."

ती खुर्ची ओढून बसली. "पुढच्या महिन्यात आमचं लग्न आहे."

"लग्न?" लंबू दचकला.

"तुम्ही थांबा हो, आधी साहेबांचं होऊ दे." तिनं वही टेबलावर आपटली. "यांची सात बोटं अजून धड आहेत. ठोकळे कोणत्या तारखेला येणार? बोला, साहेब!"