बाबांच्या खोलीतला रेग्युलेटर

बाबांच्या खोलीतला पंख्याचा रेग्युलेटर जळाला, तेव्हा मला रडूच फुटलं. गोष्ट एवढीशी. पण शाळेत परीक्षा चालू होत्या, धुवायच्या चादरींचा ढीग साचला होता, आणि आता पंखा एक तर भन्नाट फिरायचा, नाहीतर बंद. भन्नाट फिरला की बाबा गारठायचे. बंद केला की घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सेकोंडीतल्या मार्चच्या उकाड्यात त्यांची पाठ सोलून निघायची. लकवा झाल्यापासून ते अंथरुणाला खिळले होते. वाचा तर पहिल्याच दिवशी गेली. रेल्वेच्या कारखान्यात उभा जन्म ओरडून बोलण्यात गेला, आणि आता नुसते डोळे हलायचे.

शाळा सुटल्यावर ट्रोट्रो व्हॅनच्या गर्दीत अंग चोरून बसून मी टाकोराडीला गेले. मार्केट सर्कलच्या आतल्या गल्लीत मॅडम न्यार्कोंचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. गल्ल्यावरच त्या केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेला मासा खात बसल्या होत्या.

"ये गं, टीचर. तोंड किती उतरलंय! नवरा पळाला की काय?"

"असता तर पळाला असता. पंख्याचा रेग्युलेटर दाखवा."

त्यांनी डाव्या हाताच्या कोपरानेच दोन खोकी पुढे सरकवली. एक जाडजूड, एक ते पाच आकड्यांचं. फिरवलं की कटकट वाजणारं. दुसरं चपटं, गुळगुळीत, त्यावर आकडाच नाही.

"हा जुन्या वळणाचा. तापतो, कुरकुरतो, पण मरत नाही. आणि हा नवा. लोण्यासारखा फिरतो. हवा तेवढा वारा घ्यावा."

"खाऱ्या हवेत टिकेल?"

"तू टिकलीस ना? मग तोही टिकेल."

बाबांची झोप सावध. कटकट नको म्हणून मी गुळगुळीत घेतला. शेजारच्या एकोने त्याच संध्याकाळी तो भिंतीत बसवून दिला. मी बटण अर्ध्यावर आणलं आणि बाबा कितीतरी दिवसांनी शांत झोपले. मी स्टुलावर बसून पेपर तपासायला घेतले. पंख्याचं एक पातं थोडं वाकलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक फेरीला सुस्कारल्यासारखा आवाज यायचा. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की बाबांचा श्वास त्या आवाजाच्या लयीत चाललाय. दर काही फेऱ्यांनी आत, तेवढ्याच फेऱ्यांनी बाहेर. एकदाही चूक नाही.

मी गणित शिकवते. शोधायला गेलं की कशातही क्रम सापडतो, हे मला ठाऊक आहे. मी उठून पंखा जरा हळू केला. श्वास हळू झाला. वाढवला. श्वास वाढला.

बाबांच्या पाठीच्या जखमा बांधायला येणाऱ्या सिस्टर फिलोमिनांना मी विचारलं.

"अंगाला वारा लागला की श्वास बदलणारच," त्या पट्टी गुंडाळत म्हणाल्या. "तुझं काहीतरीच, अराबा. जेवलीस का?"

म्हणून मी वारा लागू दिला नाही. बाबांच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर घेतली, पलंगाभोवती दुहेरी कापड बांधलं, आणि फटीतून बघत बटण हळूहळू खाली आणलं. चादरीखालची छाती मंदावली. आणखी मंदावली. बाबा जागे होते. माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत भीती नव्हती. काहीतरी मागत होते ते.

माझी बोटं अजून बटणावर होती. किती थकले होते मी, ते मला त्या क्षणी कळलं. तव्याला हात लागावा तसा मी हात ओढून घेतला आणि मग बटण परत वर फिरवलं.

दुसऱ्या दिवशी परत मॅडम न्यार्को.

"आकड्यांचा द्या. आणि बंदच होत नाही असा असेल तर तो द्या."

त्या हसल्या. मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या.

"बंद न होणारा? असा कोण बनवेल, पोरी?" खोकं पिशवीत घालताना त्या हळूच म्हणाल्या, "घरी जा आणि झोप काढ."

एकोने रेग्युलेटर बदलून दिला. मी तीनवर बटण ठेवून वरून चिकटपट्टी मारली. श्वासाची लय तीच राहिली.

त्याच आठवड्यात भरदुपारी लाइट गेली. फ्रीजची घरघर थांबली, शेजारचा रेडिओ गाण्याच्या मधेच तुटला. मी स्वयंपाकघरातून धावत गेले. खिडक्या बंद होत्या. पंखा फिरत होता. वेग तोच, सुस्कारा तोच. लाइट येईपर्यंत मी दारातच उभी राहिले, आणि त्यानंतर कुणाला काही विचारायचं सोडून दिलं.

शनिवारी माझी धाकटी बहीण मानसा अक्राहून आली.

"काय दशा करून घेतलीस गं!" दारातच तिने माझ्या हातातली बादली घेतली. "बाबांपाशी मी बसते. तू आज झोप."

"बटणाला हात लावू नकोस."

"पंख्याचं बटण आहे, ताई. बॉम्ब नाही."

संध्याकाळी मी बाबांना मक्याची पेज भरवली. त्यांनी वाटीभर गिळली. मी हनुवटी पुसली आणि शेजारच्या खोलीत जाऊन पडले.

जाग आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. कशाने जाग आली ते आधी कळेना.

मग कळलं. सुस्कारा येत नव्हता.

मी धावले. पंखा थांबला होता. चिकटपट्टी सोडवून नीट गुंडाळी करून खिडकीत ठेवली होती. मानसा स्टुलावर बाबांचा हात धरून बसली होती.

"झोप लागलीय त्यांना," ती म्हणाली. "हात गार पडलेत. मघाशी बंद केला पंखा."

मी फोन केला. सिस्टर फिलोमिना घरच्या कपड्यांतच आल्या. त्यांनी बाबांच्या मानेवरची नाडी तपासली, हात उचलून पाहिला. कोपर वाकलं नाही. त्यांनी चादर हळूच वर ओढली.

"हे आज सकाळचं नाही," त्या म्हणाल्या. "काल दुपारीच गेलेत. तुम्हा दोघींना कळलं कसं नाही?"

मी पेजेच्या वाटीबद्दल बोलले नाही.

"काहीतरीच काय, सिस्टर!" मानसाचा आवाज चढला. "मघाशी बोललेत माझ्याशी. स्वच्छ. आता बंद कर म्हणाले, अराबा दमलीय."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मानसाही माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर फक्त रुसवा होता.

"बाबा पुन्हा बोलायला लागलेत, हे फोनवर का नाही गं सांगितलंस मला?"